तपासणी वस्तीपासून सुरू करा

पालिकेच्या आरोग्य केंद्राला केंद्र सरकारचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळवायचं असेल, तर बाहेरचे तपासनीस येण्याआधी आमच्यासारखी माणसं तिथे जाऊन येतात. आम्ही त्याच यंत्रणेतले, फक्त दुसऱ्या वॉर्डातले. मी सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून नोकरी केली. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात राज्य आरोग्य विभागाचं प्रशिक्षण घेऊन अंतर्गत तपासणीच्या पथकात आले, आणि निवृत्तीनंतरही बोलावणं आलं की जाते. लालबाग-परळ, दादर-नायगाव, गिरगाव हा सगळा पट्टा मी पायी हिंडलेली आहे. इतक्या तपासण्यांनंतर माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि तेच सांगायला हे लिहिते आहे. आरोग्य केंद्र तपासताना आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.

या तपासणीला खात्यात सगळे ‘एनक्वास’ म्हणतात. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं 2013 मध्ये आधी जिल्हा रुग्णालयांसाठी आली, मग ग्रामीण केंद्रांसाठी, आणि त्यानंतर शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी. दिल्या जाणाऱ्या सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम अशा आठ अंगांनी केंद्राकडे पाहायचं असतं. शहरी केंद्रासाठी त्याच्या बारा चेकलिस्ट आहेत. ओपीडी, माता, बालक, लसीकरण, कुटुंब नियोजन, टीबीसारखे संसर्गजन्य आजार, बीपी-शुगर, ड्रेसिंग, औषधं, प्रयोगशाळा, वस्तीतलं काम आणि कार्यालय. प्रत्येक मुद्द्याला 2, 1 किंवा 0 गुण. काम पूर्ण असेल तर 2, अर्धवट असेल तर 1, नसेलच तर 0. खात्री करायच्या वाटा चार: डोळ्यांनी पाहणं, कर्मचाऱ्यांना विचारणं, नोंदी वाचणं आणि रुग्णांशी बोलणं. एकूण किमान 70 टक्के मिळाले तर गाडी पुढे सरकते. आधी केंद्राने स्वतःची तपासणी करायची, मग राज्याचे तपासनीस येतात, मग राष्ट्रीय पातळीवरचे. मिळालेलं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

ही पद्धत चांगली आहे, हे मला आधी स्पष्ट म्हणायचं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा इन्स्पेक्शन म्हणजे वरिष्ठ येणार, रजिस्टरांना नवी कव्हरं घालायची, युनिफॉर्म कडक इस्त्रीचा हवा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. काय पाहणार ते आधी कळायचं नाही, आणि काय पाहिलं ते नंतरही कळायचं नाही. आता प्रश्नपत्रिकाच केंद्राच्या हातात असते. शिवाय ती फक्त डॉक्टरांसाठी नसते. लालबागकडच्या एका केंद्रात मी सफाई करणाऱ्या मामांना विचारलं, जमिनीवर रक्त सांडलं तर तुम्ही काय करता? त्यांनी हातमोजे घालण्यापासून सुरुवात केली, हायपोक्लोराइटचं पाणी कसं बनवतात, किती वेळ ठेवतात, फडकं नंतर कुठल्या रंगाच्या पिशवीत जातं, सगळं क्रमाने सांगितलं. पिवळी, लाल, पांढरा डबा, निळा डबा, एकही चूक नाही. मी त्यांच्यासमोरच 2 गुण लिहिले. कामाबद्दल इतक्या बारकाईने त्यांना याआधी कुणी विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले. ज्या पद्धतीत सफाई कामगाराचं उत्तर डॉक्टरांच्या उत्तराइतकंच मोजलं जातं, ती मला आपली वाटते.

केंद्रांचा इतिहासही थोडा सांगायला हवा, कारण पुढचं त्याच्याशी जोडलेलं आहे. शहरातल्या गरीब वस्त्यांना घराजवळ आरोग्यसेवा मिळावी म्हणून 1982 मध्ये कृष्णन समितीने हेल्थ पोस्टची कल्पना मांडली. 1988 पासून मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीने भारत लोकसंख्या प्रकल्पाचा पाचवा टप्पा राबवला गेला आणि हेल्थ पोस्टचं जाळं वाढलं. वस्तीतल्याच बायका आरोग्य सेविका म्हणून कामाला आल्या. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं आणि आकडे ठरले. साधारण 50,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 10,000 लोकांमागे एक एएनएम म्हणजे परिचारिका-प्रसाविका, 50 ते 100 घरांमागे वस्तीतल्याच बायकांची एक महिला आरोग्य समिती. या सगळ्या योजनांचा पाया एकच होता. केंद्र ज्यांच्यासाठी आहे ती माणसं केंद्राबाहेर राहतात, आणि केंद्राने त्यांच्यापर्यंत जायचं आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीचा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी पथक पोचतं, मेडिकल ऑफिसर स्वागत करतात, छोटी बैठक होते. मग ओपीडी, ड्रेसिंग, औषधालय. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा लसीकरण येतं, आणि मीही ते मागून घेते. लसीच्या फ्रिजजवळ केंद्राचा स्वभाव कळतो.

आयएलआरचं, म्हणजे या फ्रिजचं, तापमान 2 ते 8 अंशांच्या मध्ये राहायला हवं आणि ते सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायचं असतं. एका केंद्रात महिन्याचा तक्ता पाहिला. चार, पाच, चार, पाच. एकाच पेनाची शाई, एकच वळण, रविवारच्या खान्यातही तेच. मी सिस्टरांना फक्त एवढंच विचारलं, पावसात या इमारतीच्या मीटरबॉक्सला पाणी लागून दोन दिवस लाइट नव्हते ना? खाली शिरताना वॉचमननेच मला ते सांगितलं होतं. त्या गप्प झाल्या. मी त्यांना दोष दिला नाही. तीन जागांचं काम त्या एकट्या करत होत्या, आणि तक्ता भरलेला हवा हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. तो कशासाठी भरायचा ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गुण मात्र मी शून्य दिले, कारण त्या फ्रिजमधली लस कुणाच्या तरी बाळाच्या मांडीत जाणार होती.

दुसऱ्या एका केंद्रात उलटा अनुभव आला. तक्त्यात एका सोमवारी सकाळी 11.5 अंश अशी नोंद, भोवती लाल गोल. खाली सिस्टरच्या अक्षरात हकिगत: दार नीट लागलं नव्हतं, किती वाजता लक्षात आलं, कुणाला फोन केला, कोल्ड बॉक्समध्ये आइसपॅक घालून कुठल्या कुप्या जवळच्या प्रसूतिगृहात हलवल्या, प्रत्येक कुपीवरचा, लसीला उष्णता लागली का ते दाखवणारा व्हीव्हीएमचा चौकोन कसा होता, कुठल्या कुप्या वापरायच्या नाहीत म्हणून बाजूला काढल्या. मी वाचत असताना त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, हे पान बदलून लिहू का? आमचे मार्क जातील.” मी म्हटलं, या पानाला हात लावू नका, तुमच्या केंद्रातलं सगळ्यात चांगलं पान हेच आहे. आमच्या पथकात त्यावर थोडा वाद झाला. एका सदस्याचं म्हणणं होतं की तापमान वर गेलं म्हणजे मानक मोडलं. माझं म्हणणं होतं की यंत्र कधीतरी बिघडणारच, ते बिघडल्यावर माणसं काय करतात ते तपासायला आपण आलो आहोत. शेवटी पूर्ण गुण दिले गेले. खोटे चार-पाच अंश आणि खरे साडेअकरा अंश यांतला फरक ज्या तपासणीला कळत नाही, ती तपासणी केंद्रांना खोटं लिहायला शिकवते, असं माझं मत आहे.

इमारतींचा प्रश्न निराळा. गिरगावात, दादरला कितीतरी केंद्रं आणि दवाखाने जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर आहेत. जोतं उंच, दारात दगडी पायऱ्या, पुढे वीतभर फुटपाथ आणि लगेच रस्ता. मानकं म्हणतात रॅम्प हवा, कठडा हवा, व्हीलचेअर वळेल एवढी जागा हवी, बायकांचं स्वच्छतागृह वेगळं हवं. रॅम्प काढायचा तर तो रस्त्यात येतो. अशा एका केंद्रात पायऱ्या न चढू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी सिस्टर बीपीचं मशीन घेऊन स्वतः पायरीवर येऊन बसत. हे पाहून गुण द्यावेत असं मनात येतं, पण देऊ नयेत. ज्या माणसाला पायरी चढता येत नाही त्याला रॅम्प हवाच, आणि रॅम्प नसल्याचं शून्य शून्यच राहिलं पाहिजे. मात्र ते शून्य कुणाच्या खात्यावर पडलं याचा रकाना हवा. औषधांच्या कपाटात मुदत संपत आलेली औषधं पुढे ठेवणं हे फार्मासिस्टच्या हातात आहे. रॅम्प, अग्निशमन, गळणारं छत हे वॉर्ड ऑफिसच्या आणि त्याहून वरच्यांच्या हातात आहे. दोन्ही त्रुटी एकाच यादीत एकाखाली एक येतात, आणि कृती आराखड्यावर सही मात्र मेडिकल ऑफिसरची असते.

रुग्णांशी बोलणं ही चौथी वाट. ती सगळ्यात घाईने उरकली जाते. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईला, जवळच सिस्टर उभी असताना, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मी विचारते, इथली सेवा कशी आहे? ती म्हणते, चांगली आहे. तिला पुढच्या महिन्यात याच दारात यायचं असतं, दुसरं काय म्हणणार? म्हणून मी रुग्णाबरोबर चालत बस स्टॉपपर्यंत जाते. हिंदमाताजवळ अशीच एक बाई भेटली. दादरच्या तीन घरांत स्वयंपाक करायची. बीपीच्या गोळ्या घ्यायला आली होती. केंद्रातल्या सगळ्यांबद्दल ती प्रेमाने बोलली, डॉक्टरबाई नीट तपासतात म्हणाली. मग म्हणाली, “ताई, गोळ्या थोड्या दिवसांच्याच देतात. पुन्हा यायचं म्हणजे सकाळची दोन कामं बुडतात. एका घरी पैसे कापतात. म्हणून मी एक दिवस आड घेते, पुरवून.” केंद्राच्या रजिस्टरमध्ये ही बाई नियमित रुग्ण होती. कार्ड भरलेलं, तारखा बरोबर. तिचं बीपी आटोक्यात का येत नाही, हे त्या कार्डावरून कधीच कळलं नसतं.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत ‘आपला दवाखाना’ सुरू झाला. रात्री दहापर्यंत उघडा राहणारा दवाखाना हे त्यातलं सगळ्यात मोलाचं काम, असं मला वाटतं. कामावरून सुटणाऱ्या माणसाची वेळ कुणीतरी लक्षात घेतली. पण जुन्या केंद्रांतल्या बीपी-शुगरच्या रुग्णांना ती सोय कशी जोडून द्यायची, हे प्रत्येक केंद्राने आपापल्या वस्तीकडे पाहून ठरवायला हवं. आणि वस्तीकडे पाहिलं की नाही, हे तपासनिसाने विचारायला हवं.

म्हणजे पुन्हा मी वस्तीपाशीच येते. बारा चेकलिस्टमधली एक वस्तीतल्या कामाची. ती दुपारी जेवणानंतर येते. तोवर पथक दमलेलं असतं, लसीकरणाचं वस्तीतलं सत्र आटोपलेलं असतं. आरोग्य सेविका आपली रजिस्टरं घेऊन केंद्रातच येऊन बसलेल्या असतात. रजिस्टरं चाळली जातात, दोन-चार प्रश्न होतात, गुण पडतात. जे काम जिन्यांवर आणि गल्ल्यांत होतं, ते टेबलावर तपासलं जातं.

मी हट्ट धरून सेविकेबरोबर बाहेर पडते. नायगावच्या बीडीडी चाळींत अशीच एका सेविकेबरोबर गेले होते. 1920 च्या दशकात बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, एक खोली 160 चौरस फुटांची. म्हणजे एक चाळ ही बरोबर एका महिला आरोग्य समितीच्या आकाराची. दिल्लीत बसून कुणी हा आकडा ठरवला असेल, पण चाळीच्या व्हरांड्यात तो चपखल बसतो. सेविका जिना चढतानाच हाका मारत होती. कुणाच्या सुनेला सातवा महिना, कुणाचा मुलगा टीबीच्या गोळ्या मध्येच सोडायला निघालाय, कुणाच्या सासूबाई शुगर तपासायला तयार नाहीत, हे तिला तोंडपाठ. टीबीच्या त्या मुलाकडे गेलो तर तो झोपलेला होता, रात्रपाळी करून आलेला. गोळ्या खाल्ल्या की मळमळतं आणि कामावर उभं राहवत नाही, म्हणून बंद केल्या होत्या. सेविकेने त्याला रागावलं नाही. मळमळीबद्दल डॉक्टरांशी बोलूया, उद्या मीच घेऊन जाते म्हणाली. या संभाषणाला कुठल्याही रजिस्टरमध्ये रकाना नाही, आणि याच संभाषणावर तो मुलगा वाचणार होता.

मग आम्ही पत्र्यांच्या कुंपणापाशी आलो. आतली चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झालेली. सेविकेच्या रजिस्टरमधली कितीतरी कुटुंबं इथली. भाडं घेऊन ती कुणी नालासोपाऱ्याला, कुणी डोंबिवलीला, कुणी परळमध्येच दुसऱ्या खोलीत गेलेली. त्यांतली बरीच अजून याच केंद्रात येतात, कारण तिकडे ओळखीचं कुणी नाही. एका बाळाचा पेंटाव्हॅलंट लसीचा तिसरा डोस राहिला होता. आई विरारला. सेविका तिला आठवड्यातून फोन करत होती, स्वतःच्या रिचार्जवर. ते बाळ आता इथल्या लोकसंख्येत मोजायचं की तिथल्या? शेवटची जनगणना 2011 ची. तिच्यावरून अंदाज बांधलेली लोकसंख्या केंद्राच्या भिंतीवर लिहिलेली असते, आणि लसीकरणाची टक्केवारी त्या अंदाजावर काढली जाते. खाली चाळी रिकाम्या होतात, बाजूला गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहतात, आणि भिंतीवरचा आकडा जागचा हलत नाही.

टॉवरच्या गेटवर आम्हाला अडवलं. गार्डने इंटरकॉमवर विचारलं आणि नको म्हणतात असं सांगितलं. सेविकेला याची सवय होती. वर राहणाऱ्यांना खासगी डॉक्टर आहेत, त्याचं तिला काही वाटत नाही. पण त्याच टॉवरमध्ये चोवीस तास घरकामाला राहणाऱ्या मुली आहेत, झारखंडहून, बंगालहून आलेल्या. त्यांतल्या एकीला सतत खोकला आहे, हे तिला भाजीवालीकडून कळलं होतं. ती मुलगी कधी खाली उतरते, याची ती वाट पाहत होती.

शेवटचा टप्पा परळचा. केईएम रुग्णालय 1926 पासून, टाटा रुग्णालय 1941 पासून. देशभरातून माणसं इथे येतात आणि महिनोन्महिने राहतात. जागा मिळाली नाही की फुटपाथवर, प्लास्टिकच्या चादरीखाली. सेविकेने आपल्या वहीची मागची पानं मला दाखवली. वर शीर्षक ‘फुटपाथ’. नावं, गाव, कुणाचा कसला उपचार चालू आहे, बरोबर लहान मुलं किती. त्यांत एक बाई होती, नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर, स्वतः पाच महिन्यांची गरोदर. सेविकेने तिला केंद्रात नेऊन धनुर्वात-घटसर्पाचं टीडी इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, माता-बाल संरक्षण कार्ड सगळं दिलं होतं. नवऱ्याची पुढची तारीख सांभाळून तिची तपासणी बसवली होती. ही बाई केंद्राच्या कुठल्याच उद्दिष्टात बसत नव्हती. मी ती वही पुरावा म्हणून घेतली. दुर्बळ घटकांची माहिती केंद्राकडे असावी, या मुद्द्यापुढे 2 लिहिले, आणि शेऱ्याच्या जागेत सगळी हकिगत लिहिली.

कुणी विचारेल, एवढं काय त्या वहीत? तिच्यात ओळख आहे, आणि ती नसली की काय होतं ते या शहराने पाहिलं आहे. याच शहरात 1896 मध्ये प्लेग आला. मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी तो ओळखला. पुढे घरोघर झडत्या झाल्या, आजारी माणसांना उचलून नेण्यात आलं, आणि लोक आपली माणसं लपवायला लागले. लस मुंबईतच तयार होत होती. हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, ती आजही तिथेच आहे. लस हाताशी होती, पण दारं बंद होती. तेव्हापासून आजपर्यंत गिरगावातलं असो की लालबागमधलं, दार उघडतं ते ओळखीच्या हाकेला. ती ओळख कमावणारी बाई मानधनावर काम करते. केंद्राला प्रमाणपत्र मिळतं तेव्हा फोटोत ती कडेला उभी असते. त्या मानात आणि त्याबरोबर येणाऱ्या पैशात तिचा वाटा असलाच पाहिजे.

वस्तीच्या नजरेतून केंद्र तपासायचं, ही मी सांगते ती गोष्ट नवी नाही. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची पत्रकं भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचली. अमेरिकेत 1965 मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट या गरीब वसाहतीत डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी सामुदायिक आरोग्य केंद्र सुरू केलं. आज तिथल्या अशा केंद्राला सरकारी दर्जा हवा असेल, तर एक अट अशी आहे की केंद्राच्या नियामक मंडळात किमान 51 टक्के सदस्य त्याच केंद्रात उपचार घेणारे रुग्ण असले पाहिजेत. तपासणी वर्षातून एखाद्या दिवशी होते, रुग्ण वर्षभर तिथे असतात. आपल्याकडे महिला आरोग्य समित्या कागदावर आहेतच. तपासणीच्या अहवालावर समितीच्या दोन बायकांची मतं आणि सह्या घ्यायला कुणाची हरकत असावी?

आमच्या पथकातले एक डॉक्टर, अत्यंत प्रामाणिक माणूस, मला नेहमी म्हणतात, “सिस्टर, वस्तीत मोजणार काय? पुरावा रजिस्टरमध्ये असतो.” त्यावर माझ्याकडे साधी पद्धत आहे आणि मी ती वापरते. रजिस्टरमधली पाच नावं घ्यायची आणि ती घरं शोधायची. सेवा मिळाली म्हणून लिहिलंय, ती मिळाली का? मग उलट जायचं. रस्त्यात लागतील ती पाच घरं घ्यायची, त्यांत एक फुटपाथवरचं असलंच पाहिजे, आणि ती रजिस्टरमध्ये आहेत का ते पाहायचं. पहिल्या फेरीत केंद्राच्या नोंदी खऱ्या आहेत की नाही ते कळतं, दुसऱ्या फेरीत केंद्र कुणाला विसरलंय ते कळतं. यालाही 2, 1, 0 असे गुण देता येतात. आणि हे सकाळी आधी करायचं, पथक ताजंतवानं असताना. मग दुपारी केंद्रात येऊन फ्रिज, कपाटं, डबे पाहायचे. सकाळी चाळीत जे दिसलं त्याच्या उजेडात दुपारची रजिस्टरं वेगळी वाचता येतात. त्या डॉक्टरांनी एकदा असं करून पाहिलं, आणि आता तेही सकाळीच बाहेर पडतात.

2024 मध्ये उपकेंद्रांची तपासणी ऑनलाइन, कॅमेऱ्यावरून करायला सुरुवात झाली. दूरच्या गावांसाठी त्यात सोय आहे, प्रवास वाचतो, जास्त केंद्रं तपासून होतात. पण मुंबईत कुणी तसं सुचवलं तर मी विरोध करीन. कॅमेरा फ्रिजचा आकडा दाखवील. चाळीचा जिना चढताना सेविकेच्या हाकेला कुठली दारं उघडतात आणि कुठली नाही, ते तिथे जाऊनच कळतं.

तुम्ही परळ-लालबाग, दादर किंवा गिरगावात राहत असाल, तर वाचून झाल्यावर एवढं करा. तुमच्या भागातलं पालिकेचं आरोग्य केंद्र कुठे आहे ते शोधा, आणि महिला आरोग्य समितीची बैठक कधी असते ते तिथे विचारा. तपासनिसाने तुम्हाला बाकावर काही विचारलं, तर त्याला बाजूला न्या आणि खरं सांगा, चांगलंही आणि वाईटही. आणि तुमच्या इमारतीला गेट असेल, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत एक ठराव घ्या: आरोग्य सेविका ओळखपत्र दाखवून आली की तिला आत सोडायचं, आणि घरकाम करणाऱ्यांना तिच्याशी बोलायला दहा मिनिटं मोकळं सोडायचं.